पहिला कंपाऊंड बो घेताय? स्पीड नंतर बघा, आधी तो तुमच्या मापाला बसतो का बघा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे कंपाऊंड बोवर, म्हणजे टोकांना चाकं बसवलेल्या धनुष्यावर, साताऱ्याच्या अदिती स्वामीनं १७ व्या वर्षी वैयक्तिक गोल्ड मारलं आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं फायनलमध्ये पंधराच्या पंधरा बाण दहात घातले, म्हणजे १५० पैकी १५०. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे तयार झालेले. त्यानंतर आमच्या छोट्याशा मैदानावर चौकशा एकदम वाढल्या, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिक्स्ड टीम इव्हेंट घेतलीये हे कळल्यापासून तर दर रविवारी कोणीतरी आई-वडील पोराला घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, कुठला बो घेऊ? सगळ्यात फास्ट कुठला?"

फास्ट कुठला हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण तो सातवा-आठवा प्रश्न आहे. बो म्हणजे चप्पल नाही की एक नंबर मोठी घेतली तरी चालून जाईल. कंपाऊंड तुमच्या हाताच्या मापावर अडतो, एका ठरलेल्या जागी येऊन थांबतो, आणि ती जागा अर्ध्या इंचानं चुकली तरी सगळं शूटिंग चुकतं. त्यामुळे नवीन मॉडेल बघताना माझी एकच कसोटी असते, हा बो माझ्या मापाला बसवता येतो का, आणि तो बसवायला मला दीडशे किलोमीटर लांब जावं लागतं का. आमच्याकडे खरंच तशी परिस्थिती आहे, गावात बो-प्रेस, म्हणजे बो दाबून दोरी सैल करायचं यंत्र, नाही, प्रेस ज्याच्याकडे आहे तो माणूस दीडशे किलोमीटरवर. महाराष्ट्रात बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी हेच. म्हणून खालचं सगळं त्या नजरेनं लिहिलंय, एकेक पायरी करत.

पहिली गोष्ट, डोळा

बो राईट हॅण्ड घ्यायचा का लेफ्ट हॅण्ड हे तुम्ही कुठल्या हातानं लिहिता त्यावर ठरवू नका. दोन्ही हात पुढे लांब करा, पंजे जोडून मधे छोटी त्रिकोणी खिडकी करा, त्या खिडकीतून लांबची एखादी वस्तू बघा, समजा समोरच्या टाकीचा नळ, आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं नळ खिडकीतच राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर राईट हॅण्ड बो, म्हणजे बो डाव्या हातात आणि दोरी उजव्या हातानं ओढायची. उजव्या हातानं लिहिणारं पण डावा डोळा मुख्य असलेलं पोर दर बॅचला एखादं तरी निघतं. अशा वेळी सरळ लेफ्ट हॅण्ड घ्या असं माझं मत आहे, नवीन असताना शरीराला दोन्ही सारखंच अवघड असतं. पण एकदा घेतला की बदलता येत नाही, रायझर, म्हणजे हातात धरायचा मधला भागच, वेगळा असतो, म्हणून ही टेस्ट तीन-चार वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी.

दुसरी गोष्ट, ड्रॉ लेंथ, इथे वेळ घालवा

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, ताणायचे नाहीत, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. इंचात जे येईल त्याला अडीचनं भागा. समजा १६५ सेंटीमीटर आलं, म्हणजे ६५ इंच, भागिले अडीच, २६ इंच. ही झाली अंदाजे ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते अंतर. अंदाजे म्हणतोय कारण मान किती लांब, खांदा कसा बसतो, डी-लूप (दोरीवर बांधलेला छोटा फास) किती मोठा बांधलाय, रिलीज (तो फास धरून सोडायचं हातातलं साधन) कुठली वापरता, या सगळ्यानं अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतं. कंपनी जी ड्रॉ लेंथ लिहिते ती ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीवर बाणाची शेपूट बसते त्या नॉकपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच अशी मोजलेली असते, डी-लूप त्याच्या मागे वेगळा.

मी स्वतः यातून गेलोय म्हणून इतकं सांगतोय. माझा पहिला बो ज्या दुकानातून घेतला तिथे माप घेतलंच नाही, उंची विचारली आणि २९ इंचाचा बो हातात दिला, मला लागत होता २८. आठ महिने मी तो वापरला. फुल ड्रॉला, म्हणजे दोरी पूर्ण ओढून, गेलो की डोकं मागे जायचं, पुढचा खांदा कानाकडे चढायचा, कोपर लॉक व्हायचं आणि दोरी हाताच्या आतल्या बाजूला सटकन लागायची. दंडापासून मनगटापर्यंत निळं पडलेलं असायचं, आणि मला वाटायचं माझंच पोश्चर खराब आहे. बाण डावीकडे-उजवीकडे पसरायचे, उभ्या रेषेत ग्रुप चांगला आणि आडवा पसरलेला. एका सिनियर ताईनं बाजूनं फोटो काढून दाखवला, मोबाईलवर, आणि म्हणाली "अरे तू बोच्या मागे वाकतोयस, बो लांब आहे तुला." मॉड्यूल, म्हणजे ड्रॉ लेंथ ठरवणारा बोवरचा तुकडा, बदलून २८ केल्यावर पंधरा दिवसांत आडवा पसारा निम्म्यावर आला, मी दुसरं काहीच बदललं नव्हतं.

म्हणून फोटो काढा, फुल ड्रॉला बाजूनं आणि पाठीमागून. मागच्या हाताचं कोपर बाणाच्या रेषेत दिसलं पाहिजे, डोकं सरळ, दोरी नाकाच्या टोकाला आणि ओठाच्या कोपऱ्याला हलकी टेकलेली. कोपर बाहेर पुढे राहिलं तर बो आखूड आहे. मागे निघून गेलं आणि मान तिरकी झाली तर लांब. शंका असेल तर नवीन माणसानं अर्धा इंच आखूडच ठेवावा, आखूड बो त्रास देतो पण लांब बो इजा करतो.

आता नवीन बोमध्ये लोक सगळ्यात जास्त काय मागतात तर इथलंच. ड्रॉ लेंथ बदलायच्या तीन तऱ्हा आहेत. जुन्या किंवा काही खास टार्गेट बोमध्ये प्रत्येक लांबीला वेगळा कॅम, म्हणजे टोकाचं चाक, असतो, म्हणजे लांबी बदलायची तर आख्खा कॅम बदला, प्रेस लागणारच. दुसऱ्या तऱ्हेत कॅम तोच आणि त्यावरचं मॉड्यूल वेगळं, म्हणजे २७ चं एक, साडेसत्तावीसचं दुसरं, ते वेगळं विकत घ्यायचं. तिसऱ्यात मॉड्यूल फिरतं, दोन स्क्रू सैल केले, पुढच्या खुणेवर सरकवलं, घट्ट केलं, झालं. हे शेवटचं नवीन माणसासाठी सोन्यासारखं आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका चौदा वर्षांच्या पोराचा बो आम्ही सतरंजीवर ठेवून असाच सेट केला, वरच्या कॅमवर एक ते नऊ आकडे कोरलेले, पोरगं पाचवर होतं, अ‍ॅलन कीनं स्क्रू अर्धा फेरा सैल, मॉड्यूल टिक करून सहावर, खालच्या कॅमवरही तेच, ड्रॉ-स्टॉपची पेग, म्हणजे ओढ थांबवणारी खुंटी, तीही त्याच आकड्यावर, परत घट्ट. दहा मिनिटं लागली. वर आणि खाली एकच आकडा पाहिजे, हे पोराच्या बापानं दोनदा बोट लावून तपासलं, आणि तसंच तपासायला पाहिजे, कारण एक कॅम पाचवर आणि एक सहावर राहिला तर कॅम एकत्र फिरत नाहीत आणि बो वाकडातिकडा ओढला जातो.

वाढत्या वयाच्या पोरांना हे का लागतं याचं गणित सोपं आहे, हातांचा फैलाव अडीच इंच वाढला की ड्रॉ लेंथ एक इंच वाढते, आणि तेरा ते सोळा वयात फैलाव अडीच इंच वाढायला वर्षही पुरतं. दर वर्षी नवं मॉड्यूल परदेशातून मागवायचं तर पैसे जातातच पण दोन-दोन महिने वाट बघावी लागते, आणि तोपर्यंत स्टेटची ट्रायल होऊन जाते. माझी कंपन्यांकडून पहिली अपेक्षा हीच आहे, पाव इंचाच्या टप्प्यानं, प्रेसशिवाय, आणि सगळी मॉड्यूल्स बॉक्समध्येच द्या. अर्ध्या इंचाचा टप्पा बऱ्याच जणांना मधेच अडकवतो. मग लोक डी-लूप लांब-आखूड करून किंवा दोरीला पीळ देऊन भागवतात, जे जाणत्यानं केलं तर ठीक आहे, नवीन माणसानं करू नये.

पाऊंडेज

पाऊंडेज म्हणजे बो ओढायला लागणारा जोर. जागतिक संघटना वर्ल्ड आर्चरीच्या नियमानं कंपाऊंडला जास्तीत जास्त ६० पाऊंड चालतं. याचा अर्थ ६० घ्यायचंच असा नाही, पण कोणीतरी युट्युबवर ७० पाऊंडवाले अमेरिकन व्हिडिओ बघतो आणि इथे येऊन ५० ला नाक मुरडतो. ते व्हिडिओ शिकारीचे असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आपल्याला ५० मीटरवर ८० सेंटीमीटरच्या टार्गेटवर ७२ बाण मारायचेत, आणि त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ आहे ८ सेंटीमीटरचं, साधारण एका पेल्याच्या तोंडाएवढं. तिथे ताकदीपेक्षा साठावा बाणसुद्धा पहिल्यासारखा ओढता येणं महत्त्वाचं.

टेस्ट अशी करा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, बाण लावून बो सरळ टार्गेटच्या रेषेत धरा आणि आहे तिथूनच ओढा. बो आकाशाकडे उचलावा लागला किंवा गुडघ्याकडे ढकलावा लागला तर पाऊंडेज जास्त आहे. फुल ड्रॉला वीस-तीस सेकंद धरून मग सावकाश खाली आणा, सोडायचा नाही. खाली आणताना बोनं खेचून पुढे फेकलं तरी जास्तच आहे असं समजा. बारा-चौदाच्या पोरांना ३०-३५ पासून, मोठ्या मुली आणि बायकांना ३५-४० पासून, धडधाकट पुरुषांना ४०-४५ पासून सुरुवात करायला मी सांगतो आणि त्यात कोणाचं नुकसान झालेलं बघितलं नाही.

बहुतेक बोमध्ये लिंब, म्हणजे वाकणाऱ्या पात्या, धरणारे लिंब बोल्ट सैल करून वरच्या आकड्यापासून साधारण १० पाऊंड खाली येता येतं, म्हणजे ५० चा बो ४० पर्यंत. वर-खाली दोन्ही बोल्ट सारखेच फेरे फिरवायचे, तोंडानं मोजत, आणि कंपनीच्या पुस्तिकेत जितके फेरे सांगितलेत त्याच्या पुढे एक पावही नाही, लिंब पॉकेटमधून, म्हणजे ते बसतं त्या खाचेतून, सुटलं तर बो आणि चेहरा दोन्ही जातात.

इथे एक खरी उणीव आहे बाजारात आणि ती मला मनापासून खटकते. खूप रेंज असलेले बो मिळतात, डायमंडचा इन्फिनिट एज प्रो घ्या, ५ ते ७० पाऊंड आणि १३ ते ३१ इंच, आख्खं घर एकाच बोवर शिकेल. पण ते आखूड, हलके, शिकारीच्या धाटणीचे. आणि लांब, स्थिर टार्गेट बो बघायला गेलात तर ते ४०-५०-६० पाऊंडच्या लिंबमध्ये आणि मोठ्या माणसाच्या वजनाचे. तेरा वर्षांच्या मुलीसाठी ३६ इंची, ३० पाऊंडपासून सुरू होणारा, हलका रायझर असलेला खरा टार्गेट बो शोधायला गेलं की पर्याय बोटावर मोजण्याइतके. आता ऑलिंपिकमुळे पोरं लवकर कंपाऊंडकडे येणार, त्यांच्यासाठी असा बो यायलाच हवा.

लेट-ऑफ आणि वॉल

कंपाऊंडची गंमत कॅममध्ये आहे. मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलननं १९६९ मध्ये पेटंट मिळवलं ते याच कल्पनेचं, टोकाला केंद्राबाहेर बसवलेली चाकं लावली की ओढताना मधे जोर लागतो आणि शेवटी वजन एकदम गळून पडतं. ते किती गळतं तो लेट-ऑफ. ५० पाऊंडचा बो ८० टक्के लेट-ऑफचा असेल तर फुल ड्रॉला हातात १० पाऊंड राहतात, ६५ टक्क्यांचा असेल तर साडेसतरा.

नवीन माणसाला वाटतं जितकं कमी धरायला तितकं बरं. सुरुवातीला बरंच असतं, पहिले सहा महिने ८० टक्क्यांवर शिका, काही हरकत नाही. पण पुढे कळतं की हातात थोडं वजन असलं की पिन, म्हणजे नेमाची खूण, शांत बसते, पाठ कामाला लागते, रिलीज स्वच्छ सुटते, आणि १० पाऊंडावर हात सैल पडून बो हलक्या वाऱ्यानंही डोलतो. म्हणून टार्गेटवाले लोक ६५ ते ७५ च्या आसपास येतात. ज्या बोमध्ये पेग सरकवून किंवा मॉड्यूल बदलून लेट-ऑफ कमी-जास्त करता येतो तो घ्या, तोच बो तीन वर्षं पुरेल.

वॉल म्हणजे फुल ड्रॉला बो जिथे थांबतो ती भिंत. ही हातानं अनुभवल्याशिवाय कळत नाही. काही बोमध्ये पेग केबलला, म्हणजे कॅमना जोडणाऱ्या दोरीला, अडते, तिथे भिंत जराशी मऊ, गादीला हात टेकल्यासारखी. काहींमध्ये पेग थेट लिंबला अडते, तिथे ठक्क, दगडासारखी. मला लिंब-स्टॉप आवडतो, कारण रोज एकाच जागी थांबतोय याची खात्री वाटते, पण हिंज रिलीज (बटण नसलेली, हात फिरवून सुटणारी) वापरणारे काही जण मऊ भिंतच मागतात, ओढत राहायला जागा मिळते म्हणून. दुकानात किंवा मित्राच्या मैदानावर दोन्ही ओढून बघा, डोळे मिटून ओढा, लेबल बघून मत बनवू नका. आणि भिंतीवरून पाव इंच पुढे सैल सोडून बघा, बो लगेच हातातून पळायला बघतो का? तसा असेल तर व्हॅली, म्हणजे भिंतीआधीचा हलका टप्पा, फार अरुंद आहे, नवीन माणसाला तो दमवेल.

लांबी आणि वजन

वरच्या अ‍ॅक्सलपासून खालच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर टार्गेट बोमध्ये साधारण ३६ ते ४० इंच असतं, शिकारीच्या बोमध्ये तिशीच्या आसपास. लांब बो स्थिर, आणि फुल ड्रॉला दोरीचा कोन उघडा राहतो त्यामुळे दोरी नाकाला लागते आणि पीप, म्हणजे दोरीतलं बघायचं भोक, डोळ्याच्या जवळ येतो. २९ इंच ड्रॉवाल्या उंच माणसानं ३१ इंची बो घेतला की दोरी इतकी टोकदार होते की नाक पोचवायला मान पुढे काढावी लागते. २५-२६ वाल्यांना ३६ छान. वजन नुसत्या बोचं दोन किलोच्या वर, त्यावर नेम धरायची साईट, तिच्यावरचं भिंग म्हणजे स्कोप, तोल सांभाळायचे दांडे म्हणजे पुढचा लांब आणि बाजूचा स्टॅबिलायझर, त्यांची वजनं असं करत तीन किलोच्या पुढे जातं. दुकानात नुसता बो उचलून "हलका आहे की" म्हणणारे घरी जाऊन थकतात, म्हणून सगळं लावलेला बो धरून बघा.

स्पीड

आता स्पीड. बॉक्सवर लिहिलेला आकडा हा ७० पाऊंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) बाण धरून काढलेला असतो, यातलं एकही तुमचं नाही. ड्रॉ लेंथ एक इंचानं कमी झाली की सेकंदाला साधारण १० फूट जातात, पाऊंडेज कमी झालं की आणखी जातात, म्हणजे ३२० लिहिलेला बो २७ इंच आणि ५० पाऊंडवर अडीचशेच्या आसपास येतो. आणि तेवढा पुरतो. एकच ठिकाणी कमी स्पीड खरंच नडतो, लहान पोरांचा बो हळू असला की ५० मीटरसाठी साईट इतकी खाली आणावी लागते की बाणाची पिसं स्कोपला घासून जातात. तसं होत असेल तर बाण थोडा हलका करा, पण पाऊंडामागे किमान ५ ग्रेन ही मर्यादा पाळून, म्हणजे ४० पाऊंडला २०० ग्रेनच्या खाली नाही. त्याच्या खाली गेलात तर बोला जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखा झटका बसतो. कंपाऊंडची रिकामी दोरी कधीही सोडायची नाही, हे मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यालाही आधीच सांगा, "दादा जरा ओढून बघू का" म्हणत लोक बो हातात घेतात आणि एका झटक्यात कॅम वाकतो, दोरी तुटते, लिंबला तडा जातो.

ट्यूनिंग, आणि नवीन बोमधली खरी प्रगती

बो सेट झाला की साधारण दोन मीटरवर फ्रेममध्ये कागद ताणून लावतात आणि त्यातून बाण मारतात. कागदाला गोल भोक आणि भोवती पिसांच्या तीन चिरा, तर बाण सरळ निघतोय. शेपूट वर फाटली तर नॉक पॉईंट जरा खाली घ्या किंवा रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, वर. बाजूला फाटली तर बहुतेक नवीन लोक लगेच रेस्ट सरकवतात, तसं करू नका, आधी ग्रिप बघा. हात ग्रिपवर आवळला की बो पिरगळतो आणि फाट बाजूला जाते, अंगठ्याच्या खालच्या गादीवर बो टेकला पाहिजे, बोटं सैल. दहा बाणांत दहा वेळा तीच फाट आली तरच बोकडे वळा.

पूर्वी बाजूची फाट घालवायची तर कॅमच्या दोन बाजूंच्या चकत्या बदलून कॅम अ‍ॅक्सलवर जरासा डावी-उजवीकडे सरकवावा लागायचा, म्हणजे प्रेस, अ‍ॅक्सल काढा, परत घाला. आता काही कंपन्यांनी हे बाहेरून करायची सोय दिलीय. बोटेकचं डेडलॉक आहे त्यात स्क्रू फिरवून कॅम अ‍ॅक्सलवर सरकतो आणि लॉक होतो. एलिटनं लिंब पॉकेटच तिरपं करायची सोय काढली. मॅथ्यूजनं २०२५ च्या लिफ्ट एक्समध्ये लिंब शिफ्ट आणलं. यातली बरीचशी सोय आधी शिकारीच्या बोमध्ये आली, पण गरज मैदानावरच्या माणसाला जास्त आहे, ती प्रत्येक टार्गेट बोमध्ये, स्वस्तातल्यासुद्धा, यावी असं मला फार वाटतं. अमेरिकेत दर गावाला दुरुस्तीचं दुकान असेल, आमच्याकडे अ‍ॅलन कीचा सेट आणि एक समजूतदार मित्र एवढंच असतं, त्या दोघांत जो बो नीट होतो तो आमच्यासाठी चांगला बो.

तीच गोष्ट दोरीची. नवीन बोबरोबर आलेली दोरी पहिल्या शंभर-दोनशे बाणांत थोडी ताणते आणि पीळ बदलतो, मग पीप फिरतो, फुल ड्रॉला भोक डोळ्यासमोर येतच नाही. नवीन माणूस मान वाकडी करून भोक शोधतो, आणि तीच सवय लागते. आधीच ताणून स्थिर केलेली दोरी कारखान्यातूनच यावी ही मागणी जुनीच आहे. तोपर्यंत तुम्ही पीपची पक्की बांधणी पहिल्या दोनशे बाणांनंतर करा.

बजेट कसं वाटायचं

नावाजलेल्या कंपनीचा नवीन टार्गेट बो आपल्याकडे येईपर्यंत दीड-दोन लाखाच्या घरात जातो, बाकी सामान धरून तीन लाख सहज. ज्यांच्या घरात हे जमणार नाही त्यांनी खचून जाऊ नका, तीन-चार वर्षं जुना टार्गेट बो चांगल्या माणसाच्या हातातला मिळाला तर नक्की घ्या. बघायचं काय ते सांगतो. लिंबवरून कापूस फिरवा, धागा अडकला तर तिथे बारीक तडा आहे. कॅमच्या खाचेवरून नखानं हळूच जा, खरवड लागते का. कॅम मागून बघा, तिरका झुकलेला नको. तुमच्या ड्रॉ लेंथचं मॉड्यूल त्यावर बसतं का आणि ते अजून मिळतं का हे पैसे देण्याआधी विचारा, बंद झालेल्या मॉडेलचं मॉड्यूल शोधण्यात आमच्या एका मुलीचं आख्खं वर्ष गेलं. दोरी-केबलचा खर्च वर धरा, कारण जुन्या बोची ती बदलावीच लागणार. आणि बोवर सगळे पैसे संपवू नका, हातात बसणारी रिलीज आणि एकसारखे डझनभर बाण यांनी जेवढे पॉईंट वाढतात तेवढे पन्नास हजारांनी महाग बो घेऊन वाढत नाहीत.

बो घरी आला त्या दिवशी

मारायला सुटू नका. आधी एका वहीत लिहा, अ‍ॅक्सल ते अ‍ॅक्सल किती, ब्रेस हाईट म्हणजे ग्रिपच्या खोलीपासून दोरीपर्यंत किती, मॉड्यूल कुठल्या आकड्यावर, लिंब बोल्ट पूर्ण घट्टपासून किती फेरे सैल. कॅम जिथे केबलला समांतर दिसतो तिथे चंदेरी मार्करनं बारीक खूण करा, वर आणि खाली. पुढे कधी बाण अचानक वर-खाली जायला लागले तर वही आणि खूण बघितली की दोरी ताणलीय का बोल्ट फिरलाय ते पाच मिनिटांत कळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी मे महिन्यात बो गाडीच्या डिकीत ठेवू नये, त्या भट्टीत दोरीचं मेण वितळतं आणि लिंबही खराब होतात. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात रोज रात्री कोरड्या फडक्यानं पुसून स्क्रूंना तेलाचा बारीक हात द्या. दर बाण मारायच्या आधी कार्बनचा बाण दोन हातांत हलका वाकवून कानाजवळ धरा, कडकड आवाज आला तर तो मोडून टाका, परत भात्यात ठेवू नका.

मग दहा मीटरवर मोठं टार्गेट लावा, मागे जाळी, पुढे कोणी नाही याची खात्री, आणि पहिले दोनशे बाण तिथूनच मारा, स्कोअर न लिहिता. प्रत्येक वेळी भिंतीवर टेकायचं, नाक दोरीला, पीपच्या गोलात स्कोपचा गोल, मग सोडायचं. दोनशे झाले की वही काढून परत मोजा, दोरी किती ताणली ते लिहा, पीप बांधा, आणि मग वीस मीटरवर जा.